पुलावर उभी राहणारी माणसं

इंदूरला जाऊन सराफ्यात गेलो नाही असं तुम्ही म्हणालात, तर इंदूरकर तुम्हाला दुसऱ्यांदा घरात घेणार नाहीत. त्यातून मराठी इंदूरकर असला तर मुळीच नाही. माझा मामेभाऊ तिथलाच. होळकरांच्या चाकरीत कुणी पूर्वज माळव्यात गेला आणि ती फांदी तिकडेच रुजली. त्यांची मराठी ऐकायला मोठी गोड. "अरे, घरी काय जेवायचं, रात्री सराफ्यात चलू ना!" असं दादा म्हणाला आणि वहिनींनी त्या दिवशी चूलच पेटवली नाही.

ज्यांनी सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राजवाड्याजवळची ही अरुंद गल्ली. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, तराजू, लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबं. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच पायऱ्यांसमोर कढया चढतात. भुट्टे का कीस, दहीबडे, खोबऱ्याचे पॅटिस, ताटलीत न मावणारी जिलबी, आणि थंडीत गराडू. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद, तळून, वर मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देतात. रात्रीचे दोन वाजले तरी गर्दी हटत नाही. खाद्यवाले असल्यामुळे रात्रभर गल्लीत जाग राहते आणि पेढ्यांची आपोआप राखण होते, असं जुने लोक सांगतात.

मी गराडूचा द्रोण हातात घेऊन एका बंद शटरला टेकून उभा होतो. गर्दी पुढून सरकत होती, पण जात कुणीच कुठे नव्हतं. सगळे थांबायलाच आलेले. आणि मला एकदम जपानची आठवण झाली. (मी जपानला गेलेलो नाही. माझं जपान म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेली जपानी लाकूडठशांची चित्रं, तीही पुस्तकांतली आणि जुन्या कॅलेंडरांवरची.) त्या चित्रांत अशी गर्दी एका ठरावीक जागी दिसते. ती जागा म्हणजे पूल.

एदो, म्हणजे आजचं तोकियो, १६५७ साली जवळजवळ सगळं जळालं. लाकडी घरं, वारा, आणि आड आलेली सुमिदा नदी. संरक्षणाच्या विचाराने शोगुनांनी शहराजवळ त्या नदीवर पूल बांधू दिले नव्हते, त्यामुळे काठापर्यंत पळालेल्यांना पलीकडे जायला वाटच उरली नाही. लाखभर माणसं गेली असं परंपरेने सांगतात. त्यानंतर दोनेक वर्षांत जो पूल झाला तो र्योगोकू. नावाचा अर्थ 'दोन प्रांत', कारण नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे प्रांत होते. आपल्याकडे तिसवाडी आणि बार्देशच्या मध्ये मांडवी आहे तसंच.

या पुलाच्या तोंडाशी आग पसरू नये म्हणून मुद्दाम मोठी मोकळी जागा राखली होती. पक्कं बांधकाम करायला मनाई. पण माणसाचा स्वभाव बघा! मोकळी जागा दिसली की तिथे चहाची टपरी येतेच. बांबू-चटयांची, उचलून नेता येतील अशी दुकानं लागली, खेळवाले आले, गोष्टी सांगणारे आले, खाण्याचे गाडे आले. आगीपासून वाचण्यासाठी ठेवलेल्या जागेत शंभर शेगड्या! उन्हाळ्यात पुलावरून शोभेचं दारूकाम बघायला अख्खं शहर लोटायचं. हिरोशिगेने १८५८ मध्ये त्याचं चित्र केलं आहे. काळोख, वर फुटलेला बाण, खाली होड्यांची दाटी, आणि पुलावर मुंग्यांसारखी माणसं.

त्या गाड्यांवर तेंपुरा तळला जाई. आगीच्या भीतीने घरात तेलाची कढई ठेवण्यापेक्षा तो उघड्यावरच तळणं बरं, असा हिशेब. आणि हा तेंपुरा मुळात जपान्यांना शिकवला पोर्तुगीजांनी, असं मानलं जातं. म्हणजे आपल्याकडे ज्यांनी पाव दिला त्यांनीच तिकडे भजी दिली. गोव्याच्या माणसाने र्योगोकूचं चित्र जरा आपलेपणाने बघायला हरकत नाही.

सराफ्यातही हाच वाद चालू असल्याचं दादाने सांगितलं. पेढीवाल्यांना गॅसच्या सिलिंडरांची धास्ती वाटते, अरुंद गल्लीत आग लागली तर बंब कुठून यायचा? म्हणून खाऊगल्ली हलवावी असं त्यांच्यातल्या पुष्कळांचं म्हणणं. चुकीचं नाही. खाणाऱ्यांचंही चुकीचं नाही. एदोतल्या अधिकाऱ्यांचीही हीच पंचाईत झाली असणार.

पोट इतकं भरलं की चालल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग आम्ही कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे गेलो, दहा मिनिटांची वाट. काठावर होळकरांच्या छत्र्या रात्रीच्या उजेडात फार देखण्या दिसतात. खाली कान्ह नदी, जिला कालपरवापर्यंत सगळे खान नदीच म्हणत. ती पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. मी कठड्याशी थांबलो, तर दादा म्हणाला, "चल भिया, इथे काय थांबतो, वास येऊन राहिला." इंदूरने २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान टिकवला, नदीवरही काम झालं आहे, पण नदीला अजून ते पुरतं कळलेलं नाही. १९१७-१८ मध्ये पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आला होता. त्याने शहराचा दोन खंडी अहवाल लिहिला आणि नदीकाठ लोकांना बसण्याफिरण्याजोगा करा म्हणून सांगितलं. शंभर वर्षं होऊन गेली. आम्ही दोघंच त्या पुलावर उभे होतो. बाकी सगळे जात होते, मोटारसायकलवरून, रिक्षातून.

सराफ्यात आणि त्या पुलावर अंतर दहा मिनिटांचं. एक जागा थांबण्याची, एक जाण्याची. एदोत त्या दोन्ही जागा एकच होत्या.

हिरोशिगेचं सर्वांत गाजलेलं पुलाचं चित्र १८५७ चं. शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं. (मालिकेचं नाव शंभर, चित्रं एकशे एकोणीस. आपल्या पंचवीस पैशाच्या शेंगदाण्यांत दुकानदार दोन जास्त टाकायचा, तसं.) पुलावर मोजकी माणसं आहेत. कुणी छत्रीत दोघं-तिघं, कुणी डोक्यावर चटई घेतलेलं, सगळे वाकून पळताहेत. खाली ओंडक्यांचा तराफा घेऊन एकटा नावाडी. पलीकडचा काठ राखाडी. आणि पाऊस! तो ब्रशने काढलेला नाही. लाकडावर केसाएवढ्या रेषा शिल्लक ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढलं आहे. दोन वेगळ्या ठशांवर दोन वेगळ्या तिरक्यांच्या रेषा, म्हणून तो पाऊस हलल्यासारखा वाटतो. चित्रकार कागदावर रेखाटन करी, कोरणारा चेरीच्या फळीवर ते उलटं कोरी, छापणारा प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा उठवी, आणि प्रकाशक पैसे घाली. चार माणसांचं काम, नाव एकाचं. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने पॅरिसमध्ये या चित्राची तैलरंगात नक्कल केली. रंग त्याचे झणझणीत आहेत, पण त्याच्या पावसात मी कधी भिजलो नाही. हे आपलं माझं मत.

होकुसाई आणखी पुढचा. त्याने १८३४ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतल्या पुलांचीच एक मालिका काढली. आणि त्याआधीच्या फुजीच्या मालिकेत मान्नेन पुलाचं चित्र आहे, ते पाण्याच्या पातळीवरून, पुलाच्या कमानीखालून बघितलेलं. वर माणसांची रांग, खाली खांब, खांबांमधून दूर चिमुकला फुजी. पुलाचं पोट दिसतं त्यात. तुळया कुठे टेकल्यात, खांब कुठे जोडलेत, सगळं.

हे पोट बघण्याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं, आणि ते कळलं ते गोव्यात.

माझं आजोळ डिचोली तालुक्यात. तिथे ओहोळावर साकव असायचा. माडीचे दोन-तीन ओंडके, धरायला एक बांबू. पावसाआधी गावचे चार जण जमायचे, ओंडके उलटून बघायचे, काठीने टोचायचे. काठी आत गेली की ओंडका बाद. नवा माड पाडायचा. पाऊस जोराचा झाला तर साकव वाहूनही जायचा, मग परत घालायचा. आजोबा कुणाला इंजिनिअर म्हणून माहीत नव्हते, पण कुठलं लाकूड किती पाऊस काढेल हे ते पायाखाली वाजणाऱ्या आवाजावरून सांगत. साकवाला मालक नव्हता आणि ठेकेदारही नव्हता. जो त्यावरून जाई तोच त्याच्याकडे बघे.

जपानात इवाकुनीला किंताई म्हणून पूल आहे, होकुसाईच्या मालिकेतही तो आहे. पाच कमानींचा. मधल्या तिन्ही कमानी लाकडी, प्रत्येकी सुमारे ३५ मीटरच्या, मध्ये आधाराला काही नाही. १६७३ मध्ये बांधला आणि पुढच्याच वर्षी पुरात गेला. आपल्याकडे चौकशी समिती बसली असती. त्यांनी दगडी खांबांचे पाये पक्के करून त्याच वर्षी पुन्हा उभा केला, आणि मग तो थेट १९५० च्या वादळापर्यंत टिकला. टिकला म्हणजे तेच लाकूड टिकलं असं नव्हे! एकेक कमान काही वर्षांनी उतरवून नव्या लाकडाची करत राहिले. १९५० नंतर पुन्हा लाकडाचाच बांधला, १९५३ मध्ये तो खुला झाला, आणि २००१ ते २००४ या काळात परत कमानी बदलल्या. एका पिढीतल्या सुताराने हाताखालच्या पोराला दाखवायचं, त्याने पुढच्याला. लाकूड कुजतं, हा दोष. पण तो दोष आहे म्हणूनच विद्या जिवंत राहिली.

काँक्रीट कुजत नाही असं आम्हाला सांगितलेलं होतं. १९७० मध्ये मांडवीवर नेहरू पूल झाला तेव्हा फेरीबोटींचे दिवस संपले म्हणून पणजी आणि बेती दोन्हीकडे आनंद. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. सोळा वर्षं! आमच्या आजोळच्या साकवाच्या ओंडक्यांनाही कुणी इतक्या लवकर विसरलं नसतं. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल होता तो. त्यात पोलादी तारा ताणून आत पुरलेल्या असतात, पुलाचा सगळा जीव त्या तारांत. खाऱ्या हवेने त्या आतून गंजत गेल्या आणि वरून काही दिसलं नाही. काठी टोचून बघण्याची सोयच नव्हती.

मग पुन्हा फेरीबोट. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना बेतीच्या धक्क्यावरच्या रांगा आठवत असतील. पावसात, छत्र्या एकमेकांत अडकलेल्या, मासळीच्या टोपल्या, शाळेची मुलं, ऑफिसची माणसं, कुणाच्या तरी कडेवर पोर. आणि बोट नदीच्या मध्यावर आली की सगळे मान वर करून बघायचे. तुटलेल्या पुलाचं पोट. बाहेर आलेल्या गंजक्या सळया. सोळा वर्षं आम्ही त्यावरून गेलो आणि एकदाही खालून बघितलं नव्हतं. १९९२ मध्ये पहिला नवा पूल झाला, १९९८ मध्ये दुसरा. पण ती सहा वर्षं एक पिढी मान वर करून बघायला शिकली होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

जुने पूल पडत नसत असा अर्थ कुणी काढू नये. एदोतच एइताई म्हणून पूल होता. १७१९ मध्ये शोगुनशाहीला त्याचा खर्च झेपेना, तिने तो काढून टाकायचं ठरवलं. काठावरचे लोक म्हणाले, काढू नका, आम्ही सांभाळू. टोल घेऊन त्यांनी तो चालवला. पण टोलात किती दुरुस्ती होणार? १८०७ मध्ये फुकागावाच्या देवळाच्या जत्रेला लोटलेली गर्दी त्यावर आली आणि पूल मध्येच तुटला. शेकडो माणसं गेली. पुढचे पडताहेत हे मागच्यांना कळेना, ते रेटतच राहिले. एका सामुराईने तलवार उपसून फिरवली तेव्हा कुठे लोक मागे वळले, अशी गोष्ट सांगतात.

ही गोष्ट वाचताना मला दोन ठिकाणं आठवली. एक आपलंच. १८ मे २०१७ रोजी कुडचडे-सावर्ड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल कोसळला. वापरासाठी बंद केलेला होता, पण नदीत कुणाचा तरी शोध चालला होता म्हणून लोक बघायला त्यावर जमले आणि पन्नासेक माणसं पाण्यात गेली. दुसरं महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. मुंबई-गोवा रस्त्यावरचा, आपल्यातल्या कितीजणांनी झोपेत ओलांडलेला. दोन एसटी बसेस आणि इतर वाहनं एकामागून एक काळोखात गेली. चालकाला दिव्याच्या झोतात रस्ता दिसत होता, आणि मग नव्हता. पुढची वाहनं थांबवली गेली ती जवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाला ते ध्यानात आलं म्हणून. पुलाजवळ जागा असलेला, पायांवर उभा असलेला तो एक माणूस. त्याच्याकडे तलवार नव्हती एवढंच. पुढे १६५ दिवसांत तिथे नवा पूल बांधला गेला, जून २०१७ मध्ये तो खुलाही झाला. बांधण्यात आपण आता कुणाला हार जाणार नाही.

हिरोशिगेच्या त्या शिन-ओहाशीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. लाकडी पूल जाऊन १९१२ मध्ये तिथे पोलादी पूल आला. १९२३ च्या महाभूकंपात तोकियो पुन्हा पेटलं, आसपासचे कितीतरी पूल जळाले, पण हा उभा राहिला आणि त्यावर गेलेली हजारो माणसं वाचली. १६५७ ला जे नव्हतं ते यावेळी होतं. १९७७ मध्ये तो उतरवून तारांवर तोललेला आधुनिक पूल बांधला, म्हणजे आपल्या अटल सेतूच्या जातीचा. मात्र त्याला दोन्ही बाजूंनी माणसांना चालायला वाट आहे, आणि त्या जागेवर हिरोशिगेचं पावसाचं चित्रही लावलेलं आहे. आधुनिक पुलाने जुन्या पावसाला जागा दिली.

म्हणजे इंजिनिअरिंग आलं की माणूस गेला, असं काही नाही. जपानी इंजिनिअर तर कमालच. आकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल बांधताना, मनोरे उभे झालेले असताना, जानेवारी १९९५ मध्ये कोबेचा भूकंप झाला आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे एक मीटरने वाढलं. त्यांनी नकाशे सुधारले आणि १९९८ मध्ये १,९९१ मीटरच्या मुख्य गाळ्याचा पूल खुला केला. पण हेच जपानी १९६० च्या दशकात मोटारींच्या नादाला लागून काय करून बसले तेही बघा. निहोनबाशी, जिथून देशाच्या सगळ्या रस्त्यांची अंतरं मोजत, जिथून हिरोशिगेची तोकाइदो रस्त्याची मालिका पहाटेच्या मासळीवाल्यांसकट सुरू होते, त्या पुलाच्या डोक्यावर १९६३ मध्ये ऑलिंपिकच्या घाईत त्यांनी उन्नत महामार्ग टाकला. १९११ चा देखणा दगडी पूल, आणि वर काँक्रीटचं झाकण. आता ते महामार्ग जमिनीखाली नेण्याचं काम करताहेत. झाकण पूर्ण निघायला २०४० उजाडेल असा अंदाज आहे. पुलावरून पुन्हा आकाश दिसावं, एवढ्यासाठी पाऊणशे वर्षं.

आपला अटल सेतू २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला. दिसायला झकास आहे, यात वादच नाही. रात्री रायबंदरच्या बाजूने बघावा. रायबंदर म्हटलं की पाटोची वाट आठवते, पोंत द लिन्यारेश, १६३३-३४ मध्ये मिठागरांतून आणि खाजणांतून बांधलेली. तिच्यावरून आजही संध्याकाळी लोक चालतात, गळ टाकून बसतात. अटल सेतूवर चालायची सोय नाही. खुला झाल्यावर दुचाक्या आणि तीनचाक्यांनाही त्यावर बंदी घातली गेली. गोव्यात, जिथे घरटी एक स्कूटर आहे! झुआरीच्या नव्या पुलालगत लोकांना वर चढून नदी बघता यावी म्हणून मनोरे बांधायची योजना सरकारने जाहीर केलेली आहे. उद्या तिकीट काढून लिफ्टने वर जाऊ. तोवर नदी बघायची तर मांडवीच्या जुन्या पुलांवरून, स्कूटर हळू करून, मागच्याच्या शिव्या खात.

मात्र जून-जुलैत एखाद्या दुपारी पणजीच्या बसस्थानकाजवळ जाऊन बघा. सर आली की स्कूटरवाले घाईघाईने अटल सेतूच्या पोटाखाली येऊन थांबतात. कुणी रेनकोट चढवतो, कुणी मासळीची पिशवी पायाशी ठेवतो, एखादी बाई ओढणीने पोराचं डोकं पुसते. पाच-दहा मिनिटं सगळे तिथेच उभे असतात. काहीजण वर बघतात.